मुरुमांचा चेहरा आणि रोजची दाढी

डॉक्टरांनी भिंगाचा दिवा माझ्या गळ्यावर धरला, हनुवटी जरा वर करायला लावली आणि म्हणाल्या, “हा मुरुम नाहीये. हा तुमचाच केस आहे, वळून परत आत शिरलाय.”

त्यांनी फोटो काढून मला दाखवला. कंठमण्याच्या डाव्या बाजूला लालसर फुगवटा आणि त्यात, कातडीखाली, पेनाने काढलेल्या स्वल्पविरामासारखी एक काळी रेघ. मी तो फोटो बराच वेळ बघत राहिलो. सतराव्या वर्षापासून सत्ताविसाव्या वर्षापर्यंत चेहऱ्यावर जे काही लाल, टणक, पिवळ्या तोंडाचं उगवलं त्या सगळ्याला मी मुरुम म्हणत आलो होतो. सगळ्यावर एकच औषध लावत आलो होतो आणि गुण आला नाही की तेच औषध आणखी लावत होतो. त्यातले निम्मे तरी मुरुम नव्हतेच, हे मला दहा वर्षांनी कळत होतं.

त्या भेटीला आता वर्ष होऊन गेलं. या वर्षात काय काय केलं, काय चुकलं, कशाने फरक पडला ते सविस्तर लिहितो आहे, कारण मुरुम आणि दाढी या दोन गोष्टींबद्दल मला वेगवेगळं भरपूर वाचायला मिळालं, पण दोन्ही एकाच चेहऱ्यावर असतील तर काय करायचं हे कुणी नीट सांगितलं नव्हतं.

“दाढी वाढव की मग,” असं अनेकांनी सुचवलं. ते मला शक्य नव्हतं. मी स्प्रे पेंटिंगचं काम करतो. बूथमध्ये जाताना अर्ध्या चेहऱ्याचा रेस्पिरेटर लावावा लागतो. त्याची रबरी कड नाकावरून, दोन्ही गालांवरून येऊन हनुवटीखाली बसते. त्या कडेखाली खुंट असतील तर कड कातडीला चिकटून बसत नाही आणि गाळणी कितीही चांगली असली तरी वाफा बाजूच्या फटीतून आत येतात. त्यामुळे मास्क लावायच्या दिवशी कडेखालची कातडी गुळगुळीतच हवी, हा नियम आहे आणि तो योग्यच आहे. फुप्फुसांचा प्रश्न आहे.

पण त्याच कडेखाली घाम साचतो, रबर घासतं, दाबतं. मुळात तेलकट, मुरुमांची कातडी, तिच्यावर सकाळी पातं फिरलेलं आणि वर सहा तास रबराचा दाब. संध्याकाळी मास्क काढला की जबड्यावर लाल पट्टा उमटलेला असायचा आणि त्या पट्ट्यात नवीन गाठी. काही दिवस तर मास्क चढवतानाच डोळ्यांत पाणी यायचं. कामावर कुणाशी बोलताना मी नकळत हनुवटी खाली घेऊन बोलायला लागलो होतो. हे मला कुणी सांगितलं नाही, एका ग्रुप फोटोत दिसलं.

दाढी करायला मला बाबांनी शिकवलं. त्यांची पद्धत पक्की होती: आधी सुलटा हात, मग उलटा हात, मग गाल बोटांनी ताणून राहिलेलं साफ. “उलटा हात फिरवल्याशिवाय दाढी झाली असं म्हणू नये,” असं ते म्हणायचे. त्यांचे केस सरळ आणि विरळ, कातडी कोरडी. त्यांना या पद्धतीने आयुष्यात कधी त्रास झाला नाही. माझे केस दाट आणि गळ्यावर कुरळे. पद्धत वारशाने मिळाली, केस मात्र आईच्या माहेरचे आले.

त्यावर मी माझ्या मनाने भर घातली होती. पाच पात्यांचं रेझर घेतलं, कारण जितकी पाती जास्त तितकी दाढी चांगली असं वाटायचं. मुरुम तेलामुळे येतात म्हणून चेहरा दिवसातून चार वेळा अंगाच्या साबणाने धुवायचो. खरखरीत दाण्यांचा स्क्रब रोज. दाढीनंतर अल्कोहोलचं आफ्टरशेव्ह. ते झोंबायचं तेव्हा जंतू मरताहेत अशी माझी खात्री असायची. त्यावर मुरुमांचं जेल, १० टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड, सगळ्या चेहऱ्यावर, दाढी झाल्या झाल्या. आता हे लिहिताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा प्रत्येक गोष्टीमागे माझ्याकडे कारण होतं आणि मी मनापासून प्रयत्न करत होतो. म्हणूनच जास्त वाईट वाटायचं. इतकं सगळं करूनही चेहरा सुधारत नाही म्हणजे दोष माझ्यातच आहे, असं वाटायला लागलं होतं.

मध्ये ओळखीच्या एकाने एक ट्यूब दिली. चार दिवसांत लाली गेली, गाठी बसल्या. मला वाटलं, सापडलं. महिनाभर लावली. बंद केली त्या आठवड्यात चेहरा पूर्वी कधी नव्हता इतका फुलला. डॉक्टरांनी नंतर त्या ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचून सांगितलं की त्यात तीव्र स्टेरॉइड आहे. स्टेरॉइड सूज झटकन दाबतं म्हणून बरं वाटतं, पण चेहऱ्यावर लावत राहिलं की कातडी पातळ होते, त्यानेच पुटकुळ्या येतात आणि सोडलं की सगळं उसळून वर येतं. कुणी हातात ट्यूब दिली तर आधी तिच्यावर काय लिहिलं आहे ते वाचा. नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ असं काही दिसलं, बीटामेथासोन, क्लोबेटासोल असं, तर ती चेहऱ्यावर स्वतःच्या मनाने लावू नका. एवढी एक गोष्ट मी हात जोडून सांगेन.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत औषध लिहून देण्याआधी कागदावर दोन चित्रं काढली.

पहिलं मुरुमाचं. प्रत्येक केसाच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. केसाच्या नळीचं तोंड मेलेल्या पेशींनी बुजलं की तेल आत साचतं, त्यात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू वाढतात आणि शरीर त्याला सूज आणून उत्तर देतं. बुजलेलं तोंड उघडं असेल तर काळा ठिपका दिसतो, बंद असेल तर पांढरा. सुजलं की लाल गाठ. म्हणजे सुरुवात आतून होते. बाहेरून कितीही घासलं तरी नळीच्या आतलं बूच निघत नाही.

दुसरं चित्र गळ्यावरच्या केसाचं. कुरळा केस पात्याने तिरका कापला गेला की त्याला सुईसारखं टोक येतं. वाढताना तो वळतो आणि ते टोक शेजारच्या कातडीत घुसतं. शरीराला तो केस आपला वाटत नाही, काटा रुतल्यासारखी तिथे सूज येते. दुसरा प्रकार आणखी वाईट. जास्त पात्यांच्या रेझरमध्ये पहिलं पातं केसाला पकडून ओढतं आणि तो परत आत जायच्या आत पुढचं पातं त्याला कापतं. कापलेला केस कातडीच्या पातळीच्या खाली जातो आणि वर यायच्या आधी आतल्या आतच नळीची भिंत फोडतो. कातडी ताणून उलटा हात फिरवला की हेच होतं. मी तर तिन्ही गोष्टी एकदम करत होतो.

“मग मला कसं ओळखता येईल कुठला कुठला ते?” मी विचारलं.

“कपाळावर दाढी येते का तुम्हाला?” त्या म्हणाल्या. “कपाळ, नाक, कानशिलं, पाठ इथले मुरुमच. आसपास काळे-पांढरे ठिपके असतील तर मुरुमच. जिथे फक्त दाढीचे केस आहेत, ठिपका एकही नाही, आणि दाढी केल्यावर एक-दोन दिवसांत उठतात, ते केसाचे. तुमच्या गालांवर दोन्ही आहेत. गळ्यावर बहुतेक सगळे केसाचे.”

मग त्यांनी जे सांगितलं त्यावर माझं पुढचं सगळं वर्ष चाललं. “कातडी एकच आहे तुमची. मुरुमाचं औषध वरचा थर सोलतं, पातंही वरचा थर खरवडतं. दोघांनाही तिच्याकडून एकाच दिवशी वसुली करू देऊ नका.”

मी आजवर मुरुम आणि दाढी असे दोन प्रश्न वेगवेगळे सोडवत होतो. कातडीला मात्र दोन्हींचा भार एकत्र सोसावा लागत होता, आणि वर साबण, स्क्रब, अल्कोहोल होतंच.

पहिले सहा आठवडे पातं बंद. फक्त ट्रिमर, एक मिलिमीटर ठेवून. यासाठी कामावर बोलणं भाग होतं आणि त्याची मला सगळ्यात जास्त भीती होती. डॉक्टरांचं पत्र घेऊन सुपरवायझरांकडे गेलो. मी लांबलचक प्रस्तावना करत होतो, त्यांनी मध्येच थांबवून विचारलं, “सैल हूड वापरशील का?” नळीतून स्वच्छ हवा येणारा, डोक्यावरून खांद्यापर्यंत येणारा सैल टोप असतो. तो कातडीला घट्ट बसायची गरज नसते, आत हवेचा प्रवाह सतत बाहेरच्या दिशेने असतो, त्यामुळे खुंट असले तरी चालतात. आमच्याकडे एक कपाटात पडून होता. अवजड आहे, नळी मागे ओढत फिरावं लागतं, म्हणून कुणी वापरत नव्हतं. दहा वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं. ज्यांना मास्कमुळे चेहऱ्याचा त्रास आहे त्यांनी निदान विचारून बघावं.

त्या सहा आठवड्यांतले पहिले दोन आठवडे औषधसुद्धा नाही. सकाळ-संध्याकाळ सौम्य क्लेन्झर, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर, दिवसा सनस्क्रीन, बस्स. तेलकट चेहऱ्यावर मॉइश्चरायझर ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. पण कातडीचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, पीएच पाचच्या आसपास, आणि अंगाच्या साबणाचा नऊ-दहा. दिवसातून चार वेळा त्या साबणाने धुऊन मी वरचा संरक्षक थर रोज उखडत होतो आणि उखडलेल्या थरावर औषध ओतत होतो. मॉइश्चरायझर घेताना डब्यावर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ लिहिलेलं आहे एवढं पाहिलं. म्हणजे नळीचं तोंड बुजवणार नाही असं. जेलसारखं पातळ घेतलं, ते मला मानवलं.

पहिल्या आठवड्यात गळा उलट जास्त सुजला. केस वाढताना आणखी काही टोकं आत शिरली. मी घाबरून फोन केला. वाट बघा, केस लांब झाला की वळण स्वतःच सुटून बाहेर येतं, असं उत्तर मिळालं. वरवर दिसणारा एखादा केस गरम ओल्या फडक्याने शेकून, स्वच्छ सुईने फक्त टोकाशी मोकळा करायला त्यांनी शिकवलं होतं. चिमट्याने उपटायचा मात्र नाही. उपटला तर नवा केस खालून येताना नळीची भिंत फोडण्याची शक्यता जास्त. माझा हात चिमट्याकडे किती वेळा गेला ते सांगता येणार नाही. शेवटी चिमटा ताईच्या घरी देऊन आलो.

तिसऱ्या आठवड्यात खाज कमी झाली. चौथ्यात एक दिवस अंघोळ करताना गळ्यावरून हात फिरवला आणि हात कुठे अडखळला नाही. मी नळ बंद करून पुन्हा फिरवून पाहिला.

दरम्यान रात्रीचं औषध सुरू झालं होतं. ॲडापेलीन ०.१ टक्का. हे रेटिनॉइड आहे, नळीचं तोंड बुजू न देणं हे त्याचं काम. म्हणून ते आलेल्या मुरुमावर टिकलीसारखं लावायचं नसतं, जिथे मुरुम येतात त्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं असतं. सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं. ओठांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि डोळ्यांभोवती नाही. चेहरा धुतल्यावर पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, मी वीस मिनिटं थांबायचो. सुरुवातीला एक दिवसाआड.

आणि मग मुरुम वाढले. औषधाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गालांवर आधीपेक्षा जास्त. याची कल्पना मला दिली होती, आत तयार होत असलेले वर येतात, थांबायचं नाही, निकाल बाराव्या आठवड्याला बघायचा. पण माहीत असणं वेगळं आणि आरशात बघणं वेगळं. मी याआधी तीन वेळा वेगवेगळी औषधं नेमकी याच टप्प्यावर सोडून दिली होती, हे मला त्या वेळी लक्षात आलं. या वेळी दर रविवारी एकाच खिडकीत, एकाच वेळी फोटो काढायचं ठरवलं आणि मधले दिवस आरशात जवळून बघायचं नाही. रोज बघितलं की रोज निकाल लागतो आणि रोज नापास झाल्यासारखं वाटतं.

सातव्या आठवड्यात पुन्हा पातं हातात घेतलं. त्याआधी एक काम केलं, ते या सगळ्या वर्षातलं सगळ्यात उपयोगी काम ठरलं. दोन दिवसांची वाढ असताना कागदावर चेहऱ्याची आणि गळ्याची ढोबळ आकृती काढली आणि बोटांनी चाचपत केस कुठल्या दिशेला वाढतात त्याचे बाण काढले. ज्या दिशेने बोट मऊ सरकतं ती केसाची दिशा, जिकडे अडतं ती उलटी. कापसाचा बोळा फिरवला तरी कळतं, उलट्या दिशेने धागे अडकतात. मी समजत होतो की केस सगळीकडे खाली वाढतात. गालांवर तसंच आहे. पण गळ्याच्या उजव्या बाजूला ते वर हनुवटीकडे वाढतात, डाव्या बाजूला आडवे कानाकडे, आणि जबड्याखाली डावीकडे रुपयाएवढ्या जागेत चक्क भोवरा आहे. म्हणजे गळ्यावर मी ज्याला सुलटा हात समजत होतो तो उलटा होता. दहा वर्षं गळ्यावर पहिलाच हात मी उलटा फिरवत होतो. तो कागद मी आरशाच्या कडेला चिकटवला. अजून तिथेच आहे.

रेझर बदललं. एका पात्याचं घेतलं, जुन्या पद्धतीचं, ज्यात दुधारी पातं घालतात. पातं कातडीशी तीस अंशांच्या आसपास कललेलं धरायचं आणि जोर अजिबात द्यायचा नाही, दांड्याचं वजन पुरतं. पहिल्या आठवड्यात दोनदा कापलं, कारण हाताला पाच पात्यांवर दाबायची सवय होती. ज्यांना हे जमत नाही त्यांनी ट्रिमरच वापरावा, माझ्या मते त्यात काहीच कमीपणा नाही. मला मास्कची कड नसती तर मी ट्रिमरवरच थांबलो असतो.

दाढीची वेळ अंघोळीनंतर. केस पाणी शोषून फुगतो आणि मऊ होतो, त्याला दोन-तीन मिनिटं तरी लागतात आणि ओला केस कापायला जोर खूपच कमी लागतो. मग बिनवासाचं शेव्हिंग जेल लावून पुन्हा दोन मिनिटं थांबणं. पूर्वी मी फेस केला की लगेच सुरू करायचो. आता त्या दोन मिनिटांत दात घासतो. लहान लहान हात, प्रत्येक हातानंतर पातं पाण्यात धुणं, कातडी न ताणणं आणि फक्त एकदाच, केसाच्या दिशेने. सुजलेला मुरुम आला तर त्याला वळसा. त्यावरून पातं फिरलं तर डोकं कापलं जातं, जखम होते, त्यातला जंतू पात्याबरोबर पुढे जातो आणि मागे डाग राहतो. त्याभोवतीचे चार खुंट राहिले तर राहू देत. शेवटी गार पाणी, फडक्याने टिपून घेणं आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. आफ्टरशेव्ह फेकून दिलं. तुरटीचा खडा कापल्यावर रक्त थांबवायला चांगला, पण माझ्या औषधाने सोललेल्या कातडीला तो सगळीकडे फिरवणं सोसत नाही. पातं चार-पाच दाढ्यांनंतर बदलतो आणि वापरून झालं की सुकवून ठेवतो.

सुरुवातीला हे सगळं करून संपलं की हात गालावर फिरवायचो आणि खुंट जाणवायचे. दाढी अर्धवट राहिल्यासारखं वाटायचं. बाबांना दाखवलं. त्यांनी गालावरून बोट फिरवलं, मग गळ्याकडे बघितलं. “अरे, पण लाल नाही झालं,” म्हणाले. उलट्या हाताबद्दल त्या दिवसानंतर ते काही बोलले नाहीत.

खरा घोळ वेळापत्रकाचा होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार बूथचं काम, म्हणून त्या सकाळी दाढी. मंगळवार, गुरुवार तपासणी आणि नोंदी, तिथे मास्क लागत नाही. ही विभागणीही मागून मिळाली. मग मी विचार केला की दाढीच्या दिवशी कातडीला विश्रांती द्यावी, म्हणून ॲडापेलीन मंगळवारी आणि गुरुवारी रात्री. कागदावर बरोबर दिसत होतं. पण रात्री औषध लावलं की दुसऱ्या सकाळी बारीक साल निघत असायची आणि नेमक्या त्याच सकाळी पातं. साल आणि फेस एकत्र खरवडले जायचे, जबडा दिवसभर चरचरायचा. दोन आठवडे असेच गेले.

डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी उलटं करून बघायला सांगितलं. दाढीच्याच दिवशी, पण रात्री. सकाळी सहाची दाढी, रात्री दहाला औषध, मध्ये सोळा तास जातात. आधी मॉइश्चरायझरचा पातळ हात, त्यावर औषध, त्यावर पुन्हा मॉइश्चरायझर. आणि पुढची दाढी दीड दिवसाने, तोवर साल निघून गेलेली असते. मला हे मानवलं. प्रत्येकाला हेच मानवेल असं नाही. दाढीच्या रात्री झोंबत असेल तर ती रात्र सोडावी, आठवड्यातून दोनदा लावलेलं औषध वर्षभर टिकतं, रोज लावलेलं महिन्यात सुटतं. गळ्यावर मी ते बरेच महिने लावलंच नाही.

बेंझॉइल पेरॉक्साइड सोडलं नाही, पण १० टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आलो. परिणाम जवळपास तेवढाच मिळतो आणि कातडी खूप कमी जळते, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. ते फक्त मंगळवारी, गुरुवारी सकाळी, म्हणजे दाढी नसलेल्या दिवशी, गालांवर. याने टॉवेल आणि उशीचे अभ्रे पांढरे पडतात, रंगीत काहीही जवळ ठेवू नये. माझे दोन निळे टॉवेल गेले, आता चेहऱ्यासाठी पांढराच वापरतो.

“रोज दाढी केली की केस राठ होतात, त्यानेच तुला हे झालं,” असंही मला बऱ्याच मोठ्यांनी सांगितलं होतं आणि मी त्यावर विश्वास ठेवून वाईट वाटून घेतलं होतं. मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच हे तपासलं होतं. दाढी केल्याने केसाचा जाडपणा किंवा वाढीचा वेग बदलत नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं तसं राहत नाही म्हणून हाताला राठ लागतं, एवढंच. मला त्यातून एक समाधान मिळालं: मी दहा वर्षांत केसाचं कायमचं काही बिघडवलेलं नव्हतं.

मास्कचा प्रश्न शेवटचा. हूड परत करून रेस्पिरेटरवर यायचं होतं. तेव्हा मास्क लावून आरशासमोर उभा राहिलो आणि रबरी कड नेमकी कुठे बसते ते डोळ्यांच्या पेन्सिलने आखून घेतलं, पेन्सिल ताईचीच. कड हनुवटीच्या खाली दोन बोटांवर संपते. तिच्या खालचा गळा मास्कला लागतच नाही. म्हणजे सगळ्यात जास्त त्रास देणारा भाग रोज गुळगुळीत करायची गरज कधी नव्हतीच. आता पातं त्या रेषेपर्यंतच फिरतं, खाली ट्रिमर. तसाच खुंट ठेवून फिट टेस्ट दिली. डोक्यावर टोप चढवून कडू फवारा मारतात, मान वळवायला, मोठ्याने वाचायला लावतात, चव लागली तर कड गळते असं समजायचं. चव लागली नाही. मी टोपाच्या आत, मास्कच्या आत हसत होतो, आणि परीक्षकांनी मला चेहरा स्थिर ठेवायला सांगितलं.

मास्कची कड आता रोज शिफ्ट संपल्यावर पुसतो, आणि जेवणाच्या सुट्टीत मास्क काढल्यावर घाम साध्या पाण्याने धुऊन टिपतो. त्या लाल पट्ट्यातल्या गाठी यानेच कमी झाल्या.

बाराव्या आठवड्याचा रविवारचा फोटो आणि पहिला फोटो शेजारी ठेवले तेव्हा सुजलेले मुरुम मोजता येण्याइतके उरले होते. डाग मात्र होते तसेच. माझ्या रंगाच्या कातडीत सूज बसल्यावर तपकिरी डाग मागे राहतो, आणि तो जायला कित्येक महिने लागतात. ऊन लागलं तर त्याहून जास्त. सनस्क्रीनचा कंटाळा करणारा मी, त्या डागांमुळे ती सवय पक्की झाली. नवव्या महिन्यात गालांवरचे फिके झाले, जबड्यावरचे अजून आहेत. महिन्यातून दोन-तीन मुरुम येतात. घाईची सकाळ असली की अजूनही चुकतो, दोन मिनिटं थांबत नाही, आणि दुसऱ्या दिवशी गळा ते सांगतो.

गेल्या महिन्यात कामावरच्या एका नव्या मुलाने मास्क उतरवताना तोंड वेडंवाकडं केलं. एकोणीस-वीस वर्षांचा असेल. जबड्यावर तोच लाल पट्टा. मी त्याला विचारलं, “कपाळावर पण येतात का तुला?” तो दचकला, म्हणाला, “नाही दादा, इथेच.” डॉक्टरांचा नंबर दिला आणि कपाटातल्या हूडबद्दल सांगितलं. तो आता हूड वापरतो.

जबड्याखालचा तो भोवरा काही सुधारलेला नाही. तिथे कुठल्याही दिशेने पातं फिरवलं तरी ते कुठल्या तरी केसाच्या उलटंच जातं. काल सकाळी तिथे परत एक काळी रेघ दिसली, कातडीखाली वळलेली. गरम फडकं धरलं, सुई काढली नाही, आणि दाढी करताना तेवढा रुपयाएवढा तुकडा सोडून दिला.